सतरावं चाक

दादाच्या बैठकीच्या खोलीत शिरताना बेबीला पहिल्यांदा काय दिसलं, तर दादा आणि बाळ एकाच कोचावर बसलेले. तिला आधी बरं वाटलं. मग भीती वाटली.

चार वर्षांपूर्वी बाबा गेले, त्यांच्या जुन्या वर्कशॉपची वाटणी झाली, आणि एक लेथ मशीन कोणाकडे जावं ह्यावरून दोघा भावांचं जे बिनसलं ते बिनसलंच. आईच्या ऑपरेशनच्या वेळीसुद्धा एक आत गेला की दुसरा बाहेर यायचा. आणि आज रविवारच्या भर दुपारी एका कोचावर, मध्ये उशीसुद्धा नाही. एवढं काय आभाळ कोसळलंय हे बेबीला कोणी सांगायला नको होतं. तिच्याही पर्समध्ये तेच पत्र होतं.

बेबी म्हणजे कोणी कुकुलं बाळ नव्हे. सत्तेचाळीस वर्षांची, नऊ कामगारांचं वर्कशॉप चालवणारी बाई. पण घरात एकदा चिकटलेलं नाव काही सुटत नाही. धाकट्याला सगळे बाळ म्हणत राहिले, तेवढ्यात त्याला टक्कल पडून गेलं.

"पत्रातला आकडा खरा का? तू किती लिहिलीस?" दादाने विचारलं. ये नाही, बस नाही.

"एक हजार वीस."

"मीपण," बाळ म्हणाला.

दादाने डोळे मिटून घेतले. "आणि मीही. झालं मग. संपलो आपण."

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली होती. "मला कोणीतरी नीट सांगेल का? दोन दिवस नुसतं संपलो, संपलो चाललंय ह्यांचं. जेवणाचं ताट परत पाठवतात. एक हजार वीस काय?"

"चाकं," बेबी म्हणाली. "हॉस्पिटलच्या पलंगांची."

सरकारी हॉस्पिटलात जे जे चाकावर चालतं, पलंग, ट्रॉल्या, व्हीलचेअर, ते सगळं दुरुस्त करणं हा ह्या घराचा धंदा. हॉस्पिटल खात्याने पाच वर्षांपूर्वी चार वर्कशॉपची एक यादी केली. एकालाच सगळं दिलं की तो शेफारतो, म्हणून चार. काम निघालं की चौघांकडून बंद पाकिटात दर मागवायचे, चौघांसमोर पाकिटं फोडायची, ज्याचा दर कमी त्याला ते काम. दर वेळी नवी चढाओढ, दर वेळी चौघांना सारखी संधी. कागदावर कसं झकास दिसतं! फक्त त्या चारांतली तीन वर्कशॉप एकाच बापाच्या तीन पोरांची होती आणि हे खात्याला माहीत नव्हतं. दादाचं वहिनीच्या माहेरच्या नावावर, बाळचं त्याच्या भागीदाराच्या नावावर, बेबीचं सासरच्या आडनावाने. ही अक्कल बाबांची. तिघांनीही खात्याला लिहून दिलं होतं की यादीतल्या इतर कोणाशी आमचं नातं नाही, लागाबांधा नाही.

मग पुढचं ओघानेच आलं. तिघांनी नंबर लावले. ज्याचा नंबर असेल त्याने बेताचा दर भरायचा, बाकी दोघांनी मुद्दाम चढा. चौथं वर्कशॉप एका वेल्डरबाईचं, तिचा दर कुठे बसतो ते पहिल्या दोन कामांतच कळलं होतं. तिघे मिळून माल एकदम उचलायचे, त्यामुळे तिच्यापेक्षा थोडं खाली उतरणं जड जात नव्हतं. भावांची बोलाचाली बंद झाल्यावर निरोप्याचं काम बेबीकडे आलं. "ह्या वेळी दादा", "ह्या वेळी बाळ", एवढाच फोन. अशी अकरा कामं झाली आणि कोणी हूं की चूं केलं नाही.

बारावं काम मोठं निघालं. नव्या हॉस्पिटलचे दोनशे चाळीस पलंग, सगळ्यांची चाकं बदलायची. किती चाकं लागतील ते पहिल्यांदाच ज्याचं त्याने मोजून लिहायचं होतं.

"दोनशे चाळीस पलंग," वहिनी बोटांवर मोजत म्हणाली. "एकाला चार. म्हणजे नऊशे साठ."

"बरोबर. चौथ्या बाईनेही नऊशे साठच लिहिली," दादा म्हणाला. "आणि आम्ही तिघांनी एक हजार वीस. तीन वेगळी वर्कशॉपं, तीन वेगळी पाकिटं आणि साठ चाकं जास्त, एक कमी नाही की एक जादा नाही. त्या खरेदी अधिकाऱ्याने हे तेवढं लाल पेनने गोल करून पाठवलंय आणि उद्या लेखी खुलासा घेऊन बोलावलंय."

"पण साठ जास्त आली कुठून?"

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आई म्हणाली, "ह्यांच्याकडून."

बाबांचा हिशेब होता तो. चार पलंगांना सतरा चाकं. लावताना घाईत एखादं चाक तडकतं, एखादं गडगडत जाऊन जे बेपत्ता होतं ते होतंच, म्हणून चारांमागे एक जास्त धरायचं. बाकीचे कारागीर असली सुटी चाकं आपल्या फडताळात ठेवतात, दरपत्रकात लिहीत नाहीत. बाबा लिहायचे. पोरांना पाढ्यांसारखं पाठ करून घेतलं होतं. चार पलंग? सतरा. आठ? चौतीस. ह्या जगात पलंग मोजताना सतराने गुणणारी माणसं एवढीच, आणि ती सगळी ह्या खोलीत बसली होती.

"गंमत बघ," बाळ म्हणाला, पण त्याच्या आवाजात गंमत नव्हती. "ह्या वेळी आपण खरंच एकमेकांचं बघून लिहिलं नाही."

"ह्या वेळी माझा नंबर होता," बेबी म्हणाली.

दादा बाजूची उशी सारखी करू लागला.

"मी दोघांनाही फोन केला होता. दोघेही 'हो' म्हणालात. तुझं पाकीट फुटलं तेव्हा मला कळलंच बाळ, तुझा दर सगळ्यात खाली. मी ते गिळलं. म्हटलं, असेल अडचण. दादा, तुझा दर वाचला तेव्हा माझं लक्ष नव्हतं. तुझा कितवा होता?"

दादाने चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. "दुसरा."

"म्हणजे माझ्या खाली."

"अगं, मोठं काम होतं. माझ्याकडे एकवीस माणसं आहेत. मला वाटलं, तुला पुढचं देऊ."

"मलाही तेच वाटलं," बाळ पुटपुटला.

बेबीला रडू येईल असं वाटलं, पण हसूच आलं. "अकरा वेळा त्या चौथीला लुबाडलं, तेव्हा आपण सज्जन. बाराव्यांदा तुम्ही दोघांनी मला फसवलंत, म्हणजे खरीखुरी चढाओढ झाली, अगदी खात्याला हवी तशी. आणि नेमके त्यात पकडले गेलो."

वहिनी म्हणाली, "त्या वेल्डरबाईनेच तक्रार केली असणार. पहिल्यापासून डोळा आहे तिचा आपल्यावर."

"नाही केली तिने," बेबी म्हणाली.

ते तिला पक्कं ठाऊक होतं. गुरुवारी पाकिटं फुटली तेव्हा खात्याच्या बोळात ती त्या बाईशेजारी बसली होती. त्या बोळात तिघं भावंडं एकमेकांना ओळख दाखवत नसत. दादा दाराजवळच्या बाकावर, बाळ पाण्याच्या टाकीजवळ उभा, बेबी खिडकीशी. पाच वर्षं हे नाटक चाललं होतं. तर ती वेल्डरबाई, हातावर ठिणग्यांचे डाग, आपणहून बोलायला लागली. म्हणाली, "बारावी वेळ माझी. एकदाही लागलं नाही. मला वाटलं, आपलं गणितच कच्चं, म्हणून शेजारच्या शिक्षिकेकडून आकडेमोड तपासून घेतली. ती म्हणाली, बरोबर आहे. मग वाटलं, आपला हातच महाग. दोन माणसं कमी केली. तुम्ही कसं हो जमवता एवढ्या कमीत? सांगायचं नसेल तर राहू दे. धंद्याचं गुपित असतं एकेकाचं."

बेबीने तिला काहीतरी थातुरमातुर सांगितलं होतं, की माल घाऊक घ्या. त्या दिवसापासून तिला ते बोलणं काट्यासारखं टोचत होतं.

"मी म्हणते, खरं सांगून टाकू," ती आता म्हणाली. "एका बापाची तीन पोरं आहोत, त्यांनी शिकवलं तसं मोजलं."

"आणि मग?" दादा शांतपणे म्हणाला. तो शांत झाला की बेबीला लहानपणापासून भीती वाटायची. "मग ते विचारणार, नातं नाही असं लिहून का दिलंत? मग जुनी अकरा कामं उघडणार. कोणाचा दर कधी खाली, कधी वर. ओळीने नंबर लागलेले त्यांना दिसणार नाहीत? तिघेही काळ्या यादीत. पाच वर्षं कुठल्याच सरकारी दारात उभं करणार नाहीत. माझी एकवीस, बाळची चौदा, तुझी नऊ. चव्वेचाळीस घरं आहेत. बसून विचार कर."

"विचार आम्ही केलाय," बाळ म्हणाला.

त्या 'आम्ही'ने बेबी सावध झाली. चार वर्षांत ह्या दोघांच्या तोंडून 'आम्ही' हा शब्द आला नव्हता. दादाने उशीखालून एक टाइप केलेला कागद काढला आणि तिच्यापुढे सरकवला. वरती तिच्या वर्कशॉपचं नाव होतं, खाली तिच्या सहीची जागा कोरी होती.

तिने वाचलं. ह्या दोन वर्कशॉपचे मालक ज्या कारागिराकडे शिकले त्याच्याकडे मीही पूर्वी कामाला होते. तिथली मोजमापाची पद्धत मी त्यांच्या नकळत उचलली. ह्या वेळचे दोघांचेही आकडे मी गैरमार्गाने मिळवले व त्यावरून माझं दरपत्रक बनवलं. चूक सर्वस्वी माझी आहे. मी यादीतून स्वतःहून बाहेर पडत आहे.

"हे कोणी लिहिलं?"

"दोघांनी मिळून," दादा म्हणाला.

"वा. चार वर्षांनी भाऊ एकत्र आले, ते ह्याच्यासाठी."

"ताई, ऐकून तर घे," बाळ पुढे सरकला. "नीट बघ. तू बाहेर पडलीस की दोन वर्कशॉपं वाचतात. तुझी माणसं बसणार नाहीत. काम आम्ही घेऊ आणि मागच्या दाराने तुझ्याकडेच देऊ. फक्त नाव आमचं."

"माझा नंबर होता तेव्हाही 'हो' म्हणाला होतास."

वहिनी मध्ये पडली, "बेबीताई, मास्तरांचा पगार तर आहेच की तुमच्या घरात. शाळेतली नोकरी, ती काही जात नाही. इथे बघा, ह्यांचं सगळंच ह्याच्यावर."

"आणि फोन तर तूच करायचीस," दादा म्हणाला.

हे तो अगदी सहज बोलला. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. पण बेबीने हातातला कागद खाली ठेवला. खरंच की. अकराही वेळा फोन तिने केले होते. भावांनी एकमेकांना एक शब्द सांगितला नव्हता. कोणी कधी तपासायचं ठरवलं तर सगळे धागे तिच्याच दाराशी येऊन थांबणार. दोघांचं भांडण मिटावं, निदान कामापुरतं तरी बोलणं राहावं म्हणून ती मध्ये पडली होती, आणि मध्ये पडलेली तेवढी सापडली.

तिने आईकडे पाहिलं. आई नेहमी दादाच्या बाजूने बोलायची, मग बाळच्या, आणि दोघं नसले की बेबीच्या. निदान बेबीला तसं वाटायचं.

"आई, तू सांग. करू मी ह्याच्यावर सही?"

आईने पदराने चष्मा पुसला. "मला कशाला मध्ये घेतेस."

"तूच सांग. तू म्हणशील तसं."

"तर मग सांगते. राग मानू नकोस." आई तिच्याकडे न बघता बोलत होती. "यादी निघाली तेव्हा ह्यांना दोनच नावं द्यायची होती, दोन मुलांची. मीच विचारलं, बेबीचं काय? तेव्हा म्हणाले, देऊ तिचंही. कधी अंगावर आलं, एखादं दार बंद करायची वेळ आली, तर मुलांचं बंद करावं लागायला नको. जास्तीचं एक असलेलं बरं. तिला काय, नवरा आहे, पगार आहे. तेव्हा मला बरंच वाटलं गं, तुझंही नाव लागलं म्हणून."

बेबीला आठवलं, पहिल्या दिवशी वर्कशॉपवर पाटी लागली तेव्हा बाबा स्वतः शिडीवर चढले होते, आणि ती खाली शिडी धरून उभी होती. आयुष्यात एवढा आनंद तिला कशाचा झाला नव्हता. आईने सांगितलं ते खोटं नसणार. आई खोटं बोलली असती तर चांगलं खोटं बोलली असती.

"म्हणजे मी सतरावं चाक," ती म्हणाली.

"असं नको बोलूस," बाळ म्हणाला.

"का नको? तडकलं तर एक असावं हाताशी. बाबांचा हिशेब कधी चुकला नाही, बाळ."

ती उठली. कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. दादाही उठला. तिच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही असं त्याला झालं असावं, कारण हात अर्धा वर आला आणि परत खाली गेला.

"उद्या अकराला," तो म्हणाला. "सही करून आण. आणि बोळात नेहमीसारखंच बस."

सोमवारी ती साडेदहालाच पोचली. रात्रभर मास्तरांनी एकदाच विचारलं होतं, "तुझ्या मनात काय आहे?" आणि ती म्हणाली होती, "मला नऊ माणसांची भीती वाटते, दोन भावांची भीती वाटते, आणि त्या बाईच्या तोंडाकडे बघायची सगळ्यात जास्त वाटते." मास्तर म्हणाले, "मग सगळ्यात मोठी भीती आधी उरकून टाक." मास्तरांचं बरं होतं, त्यांना चित्रकलेच्या तासाला जायचं होतं.

बोळात वेल्डरबाई आलेली होती. दादा दाराजवळच्या बाकावर, बाळ पाण्याच्या टाकीजवळ. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. दादाची नजर मात्र तिच्या पर्सवर होती.

पहिलं नाव तिचंच पुकारलं.

खरेदी अधिकारी वयाने तिच्याहून लहान होता. त्याच्यापुढे चार फायली होत्या आणि तो थकलेला दिसत होता. "बसा. लेखी खुलासा आणलाय?"

तिने घडी काढून टेबलावर ठेवली. त्याने ती उघडली, वाचली, आणि पेन तिच्याकडे केलं. "सही राहिलीय."

पेन तिच्या हातात आलं. एक सही. बाहेर दोन वर्कशॉपं वाचतील, पस्तीस माणसं वाचतील, भाऊ पुन्हा एका कोचावर बसतील, आई तिला जेवायला बोलावेल. आणि ती बाई पुन्हा तेराव्या कामाला शिक्षिकेकडून आकडेमोड तपासून घेईल. तिने पेन खाली ठेवलं.

"ह्यातलं एक अक्षरही माझं नाही, साहेब."

"मग कोणाचं?"

"सांगते. पण सगळं सांगते, मध्येच थांबवू नका. मला पुन्हा सुरू करता येणार नाही." आणि तिने सांगितलं. बाबांचा हिशेब, तीन नावांच्या पाट्या, अकरा फोन, अकरा कामं. कोणाचा नंबर कधी होता हे तिला तारखांसकट पाठ होतं. एकदाही ती दादावर ढकलून मोकळी झाली नाही, फोन मीच केले म्हणाली. आमचं काय करायचं ते करा म्हणाली, पण हे बारावं काम त्या बाईचं आहे, आणि खरं विचाराल तर आधीचीही काही.

अधिकाऱ्याने लिहिणं कधीच थांबवलं होतं. "तुम्हाला कळतंय ना, ह्यात सगळ्यात जास्त तुम्हीच अडकता?"

"कळतंय."

"बाहेर थांबा. जाऊ नका." त्याने घंटी दाबली आणि शिपायाला काहीतरी सांगितलं.

ती बाहेर आली. खिडकीशी तिची नेहमीची जागा रिकामी होती, पण तिथवर जाणं तिला झेपलं नाही, ती मध्येच भिंतीला टेकून उभी राहिली. दादाने भुवया वर केल्या, झालं का म्हणून. तिने उत्तर दिलं नाही. पाच वर्षांत ह्या बोळात तिने कधी त्याला उत्तर दिलं नव्हतं, त्यामुळे त्याला त्यात वावगं दिसलं नाही. उलट तो जरासा सैलावला. त्याचं ते सैलावणं तिला बघवलं नाही.

तिच्या मागोमाग शिपाई दारात आला. त्याने हातातल्या चिठ्ठीकडे पाहिलं, मग बोळातल्या सगळ्यांकडे, आणि खणखणीत आवाजात विचारलं, "ह्या बाईंचे थोरले भाऊ कोण? आत बोलावलंय."

बाळचा पाण्याचा पेला तोंडाशी तसाच राहिला. वेल्डरबाईने मान वळवली. तिने बेबीकडे पाहिलं, मग टाकीजवळच्या टकल्या माणसाकडे, मग बाकावरच्या दादाकडे, एकाच्या तोंडावरून दुसऱ्याच्या तोंडावर, सावकाश. तिघांची नाकं, तिघांच्या हनुवट्या. आता तिला गणित येत होतं.

शिपायाने पुन्हा विचारलं. दादा समोरच्या भिंतीकडे बघत राहिला, जणू दुसऱ्याच कोणाला हाक मारली जातेय.

बेबी भिंतीपासून सुटी झाली, सगळ्यांदेखत त्याच्या बाकापाशी गेली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"दादा," ती म्हणाली, "ऊठ. तुला बोलावतायत."